तांबड्या शिंगराचा बाप

दत्तजयंतीच्या आगेमागे तापीकाठी सारंगखेड्याला घोडेबाजार भरतो. राजस्थान, गुजरात, पंजाबकडचे घोडे येतात, आणि सौद्याची बोलणी दात, पाय, चाल यांच्या आधी रंगावर येतात. खाली बोलणारे मामा आणि त्यांची भाची या बाजारात भेटणाऱ्या माणसांवरून मी रचले आहेत. मामांच्या घरात घोडे आजोबांपासूनचे. भाची पशुवैद्य. दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे, पण घोड्याचा विषय निघाला की ते जेवायचं विसरतात.

मामा : सरळ सांगतो, मला फसवलंय. माझी घोडी कुमैत. तिला लावला तो घोडाही कुमैत. मी स्वतः बघितला होता. आयाळ काळी, शेपूट काळं, चारी पाय गुडघ्यापर्यंत काळे. आणि शिंगरू झालंय तांबडं! अंग तांबडं, आयाळ तांबडी, शेपूट तांबडं. काळा केस औषधाला सापडत नाही. म्हणजे दाखवला एक घोडा आणि लावला दुसरा.

भाची : घोडी लावली तेव्हा तुम्ही समोर नव्हता?

मामा : जेवायला बसवलं होतं मला. आग्रह करकरून वाढत होते. तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं.

भाची : जेवणावर हवा तेवढा संशय घ्या, शिंगरावर नको. दोन कुमैतांच्या पोटी तांबडं शिंगरू येतं. त्यात काही चमत्कार नाही आणि लबाडीही नाही.

मामा : असं कसं? चहात दूध घातलं की रंग मधला येतो. दोन्हीकडे चहाच असेल तर दूध कुठून आलं?

भाची : रंग असे मिसळत गेले असते ना मामा, तर एव्हाना जगातले सगळे घोडे एकाच मातकट रंगाचे झाले असते. तुमच्या बाजाराला कोण आलं असतं मग? घोड्याच्या केसात मुळात दोनच रंगद्रव्यं असतात, काळं आणि तांबडं. कोणतं कुठे तयार व्हायचं आणि कुठे नाही, यावर सगळा खेळ. रंग बनवणाऱ्या पेशीच्या अंगावर एक प्रथिन असतं, त्याला एमसीवनआर म्हणतात. ‘काळं बनव’ हा निरोप ते पेशीत पोचवतं. ते बनवणाऱ्या जनुकाच्या प्रत्येक जनावरात दोन प्रती, एक आईकडची, एक बापाकडची. त्यातली एक जरी धड असली तरी काळं तयार होतं. दोन्ही बिघडलेल्या असल्या तर मात्र केसात फक्त तांबडंच उतरतं. तो बिघाड स्वीडनमधल्या संशोधकांनी १९९६ साली शोधून काढला. जनुकाच्या लांबलचक मजकुरात एकच अक्षर बदललेलं आहे.

मामा : एका अक्षरानं घोडा तांबडा?

भाची : एका अक्षरानं. आणि एका प्रतीतला बिघाड बाहेरून दिसत नाही. तो घोडा कुमैतच दिसतो, जन्मभर. आता सांगा, तुमच्या घोडीची आई कोणत्या रंगाची होती?

मामा : तांबडी. आमच्याच दावणीला होती. कपाळावर चांदणी होती तिच्या.

भाची : मग झालं की! तांबड्या आईकडे द्यायला दुसरं होतंच काय? तिच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या, त्यामुळे तुमच्या घोडीला त्यातली एक मिळालीच. ती दिसायला कुमैत, पण एक तांबडी प्रत पोटात घेऊन फिरते आहे.

मामा : मग याआधीची तीन शिंगरं कुमैत कशी झाली?

भाची : तो घोडा दुसरा होता ना? त्याच्या दोन्ही प्रती धड असतील तर त्याचं एकही शिंगरू तांबडं होणार नाही, घोडी कोणतीही आणा. आणि समजा, त्याच्याकडेही एक बिघडलेली होती. तरी दर शिंगराला तांबडं होण्याची शक्यता चारात एक. तीनही कुमैत होण्याची शक्यता ६४ पैकी २७, म्हणजे निम्म्याहून थोडीच कमी. चारात एक याचा अर्थ दर चौथं शिंगरू असा नसतो. प्रत्येक वेळी चिठ्ठी नव्यानं निघते.

इथवर ऐकून वाचकाला वाटेल की मामांचा आरोप निकालात निघाला. तसं झालेलं नाही, आणि हे भाचीनंच आपणहून सांगितलं म्हणून मला ती आवडते. तांबडं शिंगरू इतकंच सांगतं की त्याच्या बापाकडे निदान एक बिघडलेली प्रत होती. ती त्या कुमैताकडे असू शकते, आणि रात्री गुपचूप आणलेल्या एखाद्या तांबड्या घोड्याकडे तर नक्कीच असेल. रंगानं घोडेवाला निर्दोष ठरत नाही. त्याच्यावर आरोप करायला रंग हे कारण पुरत नाही, एवढंच.

मामा : बरं, तांबड्याचं कळलं. मग काळा आणि कुमैत यांत फरक कशानं? दोघांतही काळं आहेच की.

भाची : आहे, पण कुमैतात त्याला हद्द घालून दिलेली असते. अगूटी नावाचं दुसरं जनुक ती हद्द घालतं. त्यामुळे काळं अंगभर पसरत नाही. आयाळ, शेपूट, पाय, कानांच्या कडा एवढ्यावर राहतं. या जनुकातली ११ अक्षरं गळाली की ते निकामी होतं. दोन्ही प्रती तशा असल्या की हद्दच उरत नाही आणि घोडा अंगभर काळा. हे २००१ साली कळलं. आता गंमत बघा. तांबड्या घोड्यात काळं मुळात बनतच नाही, त्यामुळे त्याच्यात अगूटी असलं काय आणि नसलं काय, बाहेर काहीच दिसत नाही. पण पुढच्या पिढीला ते जातं. म्हणून काळा घोडा आणि तांबडी घोडी यांच्यापासून चक्क कुमैत शिंगरू होऊ शकतं. बापानं काळं दिलं, आईनं हद्द दिली.

मामा : थांब. हे झालंय आमच्याकडे. काळ्या घोड्याला आमची तांबडी लावली होती आणि झाला कुमैत. माझ्या बापानं त्या घोडेवाल्याशी बोलणं टाकलं. लग्नाची पत्रिकासुद्धा पाठवली नाही त्याला.

भाची : पाठवायला हवी होती.

मामांनी यावर तंबाखू मळायला घेतली. त्यांच्या वडिलांच्या बाजूनं एक सांगायला हवं : ज्या प्रश्नावर त्यांनी माणूस तोडला, त्याच प्रश्नावर इंग्लंडातल्या नामवंत शास्त्रज्ञांत जुंपली होती. साल १९०५. मेंडेलचे वाटाण्यावरचे नियम नुकतेच पुन्हा उजेडात आले होते. लेस्टरशरमधले चार्ल्स हर्स्ट हे ऑर्किडची रोपवाटिका असलेल्या घरातले गृहस्थ. त्यांनी शर्यतीच्या घोड्यांच्या वंशनोंदी चाळल्या आणि रॉयल सोसायटीपुढे मांडलं की तांबडा रंग कुमैतापुढे दबतो, आणि दोन तांबड्यांच्या पोटी तांबडंच येतं. प्राणिशास्त्रज्ञ वेल्डन यांना हे मान्य नव्हतं. मेंडेलचा नियम असा सगळीकडे लावण्यावरच त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी त्याच वंशनोंदी उघडल्या आणि तांबड्या आईबापांची, पण तांबडी नसलेली शिंगरं शोधून काढली. त्या जाडजूड खंडांमध्ये बुडालेले असतानाच एप्रिल १९०६ मध्ये न्यूमोनियानं त्यांचं निधन झालं. वय अवघं ४६.

भाची : नियम हर्स्टचाच खरा ठरला. पण वेल्डननं दाखवलेली शिंगरं वहीत होती, ती त्यानं बनवलेली नव्हती.

मामा : वहीत लिहिलं कधी? शिंगरू झाल्यावर लगेच?

भाची : बहुतेक वेळा लहानपणीच.

मामा : मग वहीवर कशाला विसंबायचं! शिंगराचे पहिले केस खोटे असतात. कुमैत शिंगराचे पाय जन्मतः फिके, राखी असतात, काळे नसतात. काळं शिंगरू कित्येकदा उंदरासारखं धुरकट दिसतं. तीन-चार महिन्यांनी ते केस झडतात तेव्हा खालचा रंग बाहेर येतो. तोवर डोळ्यांभोवती बघायचं, तोंडावर केस आधी झडतात. नवशिक्या लिहिणारा असेल तर काहीही लिहील. तुझ्या त्या साहेबानं चार साईस विचारले असते तर काम झालं असतं.

भाची : हे मात्र कबूल. नोंदीतल्या चुका, असंच उत्तर मेंडेलवाल्यांनीही दिलं होतं. फक्त चूक नेमकी कशी होते हे इतकं नीट सांगायला त्यांच्याकडे तुम्ही नव्हता.

मला वाटतं, या वादात हर्स्टला झुकतं माप देताना आपण एक विसरतो. ज्या अपवादांना त्यानं चूक म्हटलं, त्यांना चूक म्हणताना तेव्हा त्याचा मुख्य भर नियमावरच होता. नियम खरा निघाला म्हणून ते खपलं.

मामा : पण एक सांग. हे सगळं कळून घोडा बरा होतो का? बाजारात आता पोरं मोबाईलवर रंगांचे तक्ते घेऊन फिरतात. अमुक घोड्याला अमुक घोडी लावली की इतके टक्के सोनेरी, इतके टक्के नुकरे. खुराला हात लावत नाहीत, मागचे पाय बघत नाहीत. रंग विकत घेतात आणि लंगडा घोडा घरी नेतात.

भाची : तक्ता चुकीचा नसतो, मामा.

मामा : तक्ता चुकीचा म्हणतोय कोण? माणूस चुकीचा बघतोय. भीमथडीचा घोडा बघ. धनगरांनी तो राखला तो बिऱ्हाड वाहायला, चढ-उतार काढायला. रंग कोणता का असेना. आता सरकारदरबारी त्याची वेगळी जात म्हणून नोंद झाली. रंगाच्या मागे लागले असते तर नोंदायला घोडाच उरला नसता.

भाची : हे मी नाकारत नाही. पण रंगाच्या मागे लोक तक्त्यांच्या आधीपासून आहेत. मारवाडात काळा घोडा अशुभ म्हणून नको असायचा, ते काय तपासणी करून ठरवलं होतं? निदान आता डोळे उघडे ठेवून तरी मागे लागतील. नुकऱ्याचंच घ्या. वरातीला पांढरा घोडा पाहिजे म्हणून भाव चढतो. गुलाबी कातडीचा पांढरा घोडा दोन अगदी वेगळ्या वाटांनी होतो. एक वाट रंग फिका करणाऱ्या जनुकाची. त्याची एक प्रत आली तर तांबड्याचा सोनेरी होतो, आयाळ पांढरी. कुमैत असेल तर अंग पिवळसर, आयाळ काळीच. दोन प्रती आल्या की सगळं अंग फिकट मलई रंगाचं, कातडी गुलाबी, डोळे निळे. काळ्यावर एक प्रत आली तर बहुधा कळतही नाही. म्हणून काळ्या घोड्यापासून तांबड्या घोडीला सोनेरी शिंगरू झालं की लोक देवाला नारळ फोडतात.

मामा : आणि दुसरी वाट?

भाची : दुसरीत रंगाच्या पेशी कातडीपर्यंत पोचतच नाहीत. तिथे डोळे बहुधा काळे राहतात. या वाटेचे काही प्रकार असे आहेत की दोन्ही प्रती तशा असल्या तर गर्भ जगतच नाही. दोन्ही वाटांचे घोडे बाजारात उभे राहतात ते नुकरा या एकाच नावानं. नुकऱ्याला नुकरी लावून नुकराच होईल हे गृहीत धरणाऱ्याचे पैसे म्हणूनच बुडतात. तपासणी इथे उपयोगी पडते.

मामा : उन्हात नाकपुडी सोलपटते त्या नुकऱ्यांची. कितीदा खोबरेल लावलंय. तपासणीत येतं का हे?

भाची : येत नाही. पण गुलाबी कातडीला ऊन बाधतं हे खरं.

इथे संवाद अबलख घोड्यांकडे वळला. त्या भागात मामांचे प्रश्न वरचढ होते, म्हणून तो जरा सविस्तर देतो.

मामा : आमच्यात पंचकल्याणी म्हणजे शुभ. चार पाय पांढरे आणि तोंड पांढरं. ते कुठल्या अक्षरात लिहिलंय तुझ्या?

भाची : थोडं लिहिलंय, सगळं नाही. रंगाच्या पेशी गर्भात पाठीच्या कण्यापाशी जन्मतात आणि तिथून चालत निघतात. पाठ जवळ, पायाची टोकं, पोट, कपाळ आणि नाक सगळ्यांत लांब. कमी पेशी निघाल्या किंवा उशिरा निघाल्या की लांबच्या जागा कोऱ्या राहतात. तेच तुमचे पांढरे पाय आणि पांढरं तोंड. किती निघायच्या, त्यावर काही जनुकांचा हात असतो. मोठ्या पट्ट्यांच्या अबलखात तो हात फार जोरात चालतो.

मामा : मग एकाच अक्षराचे दोन घोडे केले, तर दोघांचे पाय सारखेच पांढरे?

भाची : नाही.

मामा : का नाही?

भाची : कारण वाटेत काय होईल ते नुसत्या जनुकावर ठरत नाही. जगातला पहिला क्लोन घोडा इटलीत क्रेमोनाजवळ २००३ साली जन्मला, घोडीच होती ती, प्रोमेतेआ नावाची. त्यानंतर पोलोच्या नामांकित घोड्यांचे क्लोन झाले. अंगाचा रंग मुळाबरहुकूम, पण कपाळावरच्या चांदण्या आणि पायांचं पांढरं एकमेकांशी तंतोतंत जुळत नाही.

मामा : म्हणजे चांदणी ज्याची त्याची. आम्ही चांदणी बघून घोडा ओळखतो, ते उगाच नाही.

भाची : उगाच नाही. फक्त तिच्यावरून नशीब ओळखू नका. त्याच पेशींची एक वाईट बाजूही सांगते. कण्यापासून निघणाऱ्या या पेशींच्याच भाईबंदांपासून आतड्याच्या नसा तयार होतात. अमेरिकेतल्या काही अबलखांमध्ये एक बिघाड आहे. एक प्रत आली तर सुरेख पांढरे पट्टे. पण तसेच दोन घोडे एकत्र आले आणि शिंगराला दोन्ही प्रती मिळाल्या, तर ते जवळजवळ पूर्ण पांढरं जन्मतं. दिसायला देखणं. आतड्याच्या शेवटच्या भागात नसा नसतात, लीद पुढे सरकत नाही आणि दोन-चार दिवसांत ते पोटदुखीनं जातं. कारण १९९८ साली सापडलं. आता लावण्याआधी दोघांची तपासणी करतात आणि तशी जोडी टाळतात.

मामा काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, चला, तुला यंदा घेतलेलं शिंगरू दाखवतो. ते अजून वर्षाचं झालेलं नव्हतं. अंग काळपट, डोळ्यांभोवती पांढऱ्या केसांचं स्पष्ट कडं.

भाची : मामा, हे काळं राहणार नाही.

मामा : मला शिकवतेस? सब्जा आहे तो. जन्मला तेव्हाच पाय गडद होते, राखी नव्हते, तिथेच कळतं. पाच-सहा वर्षांत ठिपके ठिपके होऊन मग पांढरा होत जाईल. कातडी काळीच राहणार, म्हणजे उन्हाची भीती नाही. म्हणून तर घेतला. विकणारा काळा म्हणून विकत होता, मी सब्ज्याचा हिशोब करून घेतला.

भाची : वा! मग पुढचंही सांगते. सब्जेपणाचं जनुक २००८ साली सापडलं. त्यात ४,६०० अक्षरांचा एक तुकडा दोनदा लिहिला गेलेला आहे. २०२४ साली आणखी कळलं की काही घोड्यांत तो दोनदा असतो, ते हळू पांढरे होतात. काहींत तीनदा, ते झपाट्यानं. आणि पंधरा वर्षांपुढच्या सब्ज्यांपैकी बहुतेकांना शेपटाखाली, ओठांपाशी काळ्या गाठी येतात. पुष्कळ वर्षं त्या काही करत नाहीत. पण शेपूट उचलून बघत जा.

मामा : बघतो. त्या गाठींना आम्ही म्हातारपणाच्या गाठी म्हणतो.

भाची : याचे आईबाप कोणते?

मामा : कागद आहे माझ्याकडे. आई कुमैत, बाप काळा. बाप नावाजलेला घोडा आहे, त्याच्या नावाचे वेगळे पैसे दिलेत मी.

भाची : आई स्वतः बघितली?

मामा : बघितली. म्हातारी कुमैत घोडी, अंगावर एक पांढरा ठिपका नाही.

भाची : मग कागद खोटा आहे.

मामा : हे बघ, मघाशी तूच म्हणालीस की न दिसणारा रंग पोटात लपून येतो.

भाची : तांबडा लपतो. सब्जा लपत नाही. त्याची एक प्रत असली तरी घोडा वयाबरोबर पांढरा होतोच. म्हणून सब्ज्या शिंगराच्या आईबापांत एकजण सब्जा असलाच पाहिजे. आई म्हातारी होऊनही कुमैत, म्हणजे ती नव्हे. बाप काळा असेल आणि जाणत्या वयातही काळाच असेल, तर तो याचा बाप नाही. ज्या तांबड्यावरून तुम्ही भांडायला निघालात तिथे पुरावा नव्हता. इथे आहे, आणि इथे तुम्ही वरून पैसे मोजलेत.

मामांनी शिंगराच्या मानेवरून हात फिरवला, खूर उचलून बघितले, पुन्हा ठेवले.

मामा : पक्कं करायचं तर?

भाची : आयाळीचे वीस-तीस केस मुळासकट उपटायचे. त्या काळ्या घोड्याचेही मिळाले तर उत्तम. प्रयोगशाळेत डीएनए जुळवतात.

मामा : तो देईल केस?

भाची : बापच नसेल तर कशाला देईल?

मामा : पाय चांगले आहेत पोराचे. छाती रुंद आहे. मला बापाचा कागद धाववायचा नाहीये.

भाची : पण विकताना तो कागद दाखवाल ना?

मामा : मागितला तर दाखवीन.

भाची : आणि मी आत्ता सांगितलं ते?

मामा : ते विचारलं तर सांगेन.